आमच्याकडून गेलंय!

कचेऱ्यांच्या जगात सर्वांत सुरक्षित वाक्य कोणतं, असा प्रश्न मला कुणी विचारला (अजून कुणी विचारलेला नाही, पण चाळिशी उलटलेल्या माणसाने दोन-चार उत्तरं तयार ठेवलेली बरी), तर मी बेधडक सांगेन, 'आमच्याकडून गेलंय.' दुसरा नंबर 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्याचा. दोन्हींत काहीतरी गेलेलं असतं आणि ते परत कधी दिसेल हे कुणालाच ठाऊक नसतं. पण साहेब निदान ढेकर देत परत येतात. 'आमच्याकडून गेलेलं' काही परत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

व्याकरणाच्या दृष्टीनेही हे वाक्य अभ्यासण्याजोगं आहे. काय गेलं? ते. कुठे गेलं? पुढे. कधी गेलं? अहो, गेलं म्हणतोय ना! नुसतं क्रियापद आणि सुटका.

आणि हे फक्त कचेऱ्यांतच चालतं असं नाही. आमच्या एका चुलतभावाच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका आम्हांला मिळाली नाही. सौ.ने त्यानंतर तीन संक्रांती त्या घरी तिळगूळ दिला, पण 'गोड बोला' हे शब्द तोंडातून काढले नाहीत. तिकडून एकच उत्तर, 'आमच्याकडून पत्रिका गेली होती.' पुढे इमारतीला रंग लावायची वेळ आली तेव्हा ती पत्रिका आमच्याच जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे सापडली. म्हणजे त्यांच्याकडून खरोखरच गेली होती आणि आमच्याकडे खरोखरच आली नव्हती. दोन्ही घरं खरं बोलत होती, आणि मुंजा मुलगा सहावीत गेला होता.

मराठी भाषा मोठी चतुर. निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे रजा घेणं. निरोप दिला की लगेच निरोप घ्यायचा, ही सोय भाषेनेच करून ठेवली आहे. प्रश्न एवढाच, की निरोप्याचं काम संपतं कुठे? निरोप हातावेगळा झाला तिथे, का जिथे जायचा तिथे गेला तिथे? बी.कॉम.च्या तीन वर्षांत हा प्रश्न मला परीक्षेत आला नाही. तो आला २०२३ साली, काउंटरवर, एका आजींच्या तोंडून.

मी एका बँकेत क्लार्क आहे. (बँकेचं नाव सांगत नाही. पुढचं वाचल्यावर बँकही माझं नाव कुणाला सांगणार नाही.) आमच्याकडे नोव्हेंबर महिना पेन्शनर मंडळींचा. आपण जिवंत आहोत हे त्यांनी त्या महिन्यात बँकेला कळवायचं असतं. उरलेले अकरा महिने त्यांच्या शब्दावर विश्वास असतो. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावरही होतं. पण जन्मभर भांडी घासलेल्या आणि धुणी धुतलेल्या बोटांवर यंत्राला काही सापडत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात या आजी आल्या, तेव्हा यंत्राने त्यांच्या बोटांना एकामागून एक कळवलं, की तुम्ही तुम्ही नाही. शेवटी मी जुन्या पद्धतीने फॉर्म काढला, त्यांची सही समोर घेतली, कॉम्प्युटरमध्ये नोंद केली. पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं आजी. आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तुम्ही जिवंत."

आजी हसल्या. त्यांचे यजमान रेल्वेत स्टेशनमास्तर होते, ते गेल्यावर कुटुंबाची म्हणून जी पेन्शन असते ती त्यांना मिळे. कापडी पिशवीत पासबुक ठेवून, वर रुमाल घालून त्या गेल्या.

जानेवारीत पुन्हा आल्या. डिसेंबरची पेन्शन जमा नव्हती. मी नोंद काढून पाहिली. हिरवी खूण जागच्या जागी होती. मी खुर्चीत मागे टेकून, वीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "आजी, आमच्याकडून गेलंय."

"कुठे गेलंय?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. लोक या वाक्यावर मान हलवतात, फार तर कपाळाला हात लावतात आणि जातात.

"पुढे," मी म्हणालो.

"पुढे म्हणजे?"

"पेन्शनचं सगळं काम आमच्या दुसऱ्या शहरातल्या सेंटरला होतं, आजी. तिकडे."

"मग तिकडे पोचलं का?"

"ते त्यांनाच ठाऊक."

"मग त्यांना विचारा की!"

"विचारतो," मी म्हणालो. बँकेतला माणूस 'विचारतो' म्हणतो तेव्हा तो क्रियापदाचा भविष्यकाळ असतो, आणि भविष्यकाळ फार मोठा असतो. मागे अकरा माणसं उभी होती. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत आजी तिसऱ्यांदा आल्या. जानेवारीचीही पेन्शन आली नव्हती. मी पुन्हा हिरवी खूण दाखवली. त्या म्हणाल्या, "तुमच्या सवडीने बघा हो. बी.पी.च्या गोळ्या मी सध्या एक दिवसाआड घेते. पुरवून." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाहुणे येणार असले की साखर पुरवून वापरावी, तशा सुरात सांगितलं. पण तो सूर माझ्याबरोबर घरी आला आणि जेवायला बसला.

त्या दिवशी पुण्याहून माझा भाचा आला होता. तो कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. मी वरण-भातावर त्याचाच समाचार घेतला. "काय रे, तुमचा तो कॉम्प्युटर! एकाच बँकेत बाई एका प्रोग्रॅममध्ये जिवंत आणि दुसऱ्यात मयत? आपापसांत बोलता येत नाही का त्यांना?"

"मामा, न बोलणं हा त्यांचा मूळ स्वभावच आहे," तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते मी माझ्या कुवतीने सांगतो. कॉम्प्युटरमध्ये चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या स्वतंत्र ब्लॉकमध्ये राहतो. त्याची स्मरणशक्ती त्याची एकट्याची. शेजारच्या ब्लॉकमध्ये डोकावायला त्याला मनाई, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नावाची सोसायटीची सेक्रेटरीण ती मनाई डोळ्यांत तेल घालून पाळते. पूर्वीच्या साध्या घरगुती मशीनांवर अशा पक्क्या भिंती नव्हत्या. एक प्रोग्रॅम बिघडला की तो सगळ्या मशीनला घेऊन बसायचा. म्हणून भिंती आल्या. आता एक मेला तरी बाकीचे आपले चालू.

"आणि बोलायचं झालं तर?"

"तर सेक्रेटरीच्या मार्फत. कुणी दारात चिठ्ठी ठेवून जातं, ती म्हणजे फाइल. कुणी निरोपांची रांग लावतं, एकेक उचलायचा. दुसऱ्या इमारतीत राहत असेल तर टेलिफोनसारखी जोडणी. आणि सगळ्यांत जुन्या सोयींपैकी एक म्हणजे पाइप. नळी. एकाने या टोकाने ओतायचं, दुसऱ्याने त्या टोकाने प्यायचं."

या नळीचा इतिहास मला फार आवडला. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीत डग्लस मॅकिलरॉय म्हणून गृहस्थ होते. त्यांनी १९६४ साली एक टिपण लिहिलं, की बागेत पाण्याच्या नळ्या जोडतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या प्रणालीत ही नळी प्रत्यक्ष बसवली, ती १९७३ साली. आता १९६४ ते १९७३ ही नऊ वर्षं टिपण कुठे होतं, असं कृपया विचारू नका. मॅकिलरॉय साहेबांकडून ते गेलेलं होतं.

ही नळी लिहून दाखवायची खूण म्हणजे एक उभी रेघ. डावीकडे देणारा, उजवीकडे घेणारा. भाच्याने कागदावर रेघ काढली तशी मी हसलो. आम्हां कॉमर्सवाल्यांचं सगळं आयुष्य या रेघेच्या दोन बाजूंना गेलं. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. इटलीच्या लुका पाचोली या पाद्री महाशयांनी १४९४ साली ही रीत पुस्तकात छापली. तिचा साधा नियम असा, की एका बाजूला लिहिलंत आणि दुसऱ्या बाजूला लिहिलं नाहीत, तर ती नोंदच नव्हे. एका खात्यातून गेलं आणि दुसऱ्यात आलं नाही, तर ताळेबंद जुळत नाही, आणि फरक सापडेपर्यंत क्लार्कला घरी जाता येत नाही. म्हणजे पैशांच्या बाबतीत 'आमच्याकडून गेलंय' हे उत्तर पाचशे वर्षांपूर्वीच बाद झालेलं होतं. माणसांच्या बाबतीत ते अजून चालू आहे.

या नळीची आणखी एक खोड. पलीकडचा पिणारा उठून गेला आणि अलीकडचा तसाच ओतत राहिला, तर सेक्रेटरीण त्याला एक सिग्नल पाठवते. तो सिग्नल मिळाला की, आधी दुसरी काही तजवीज केलेली नसेल तर, ओतणारा तिथल्या तिथे मरतो. ऐकणारा निघून गेला की बोलणारा खलास! ही सोय सत्कार समारंभांत कधी येणार, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, मामा, ती माणसांसाठी नाही.

भिंतच नको असेल तर सामायिक स्मृती असते. दोन प्रोग्रॅमना मिळून एकच फळा. दोघेही त्यावर लिहिणार, दोघेही वाचणार. ही सर्वांत झटपट पद्धत आणि सर्वांत धोक्याचीही, असं भाचा म्हणाला. त्याला पुरावा म्हणून समोर आमटी होती. आमच्या घरी स्वयंपाकघर सामायिक आहे. आईने चव पाहिली, मीठ नव्हतं, म्हणून ती मिठाचा डबा आणायला वळली. तेवढ्यात सौ.ने चव पाहिली, मीठ नव्हतंच, तिने घातलं. आईने येऊन पुन्हा घातलं. दोघींनी आपापल्या परीने बरोबर केलं आणि शिक्षा मला झाली. यावर उपाय म्हणून डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात 'सेमाफोर' काढला. हे नाव रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या जुन्या सिग्नलवरून घेतलेलं. एक जण आत असेपर्यंत दुसऱ्याने बाहेर थांबायचं. पण थांबण्यातही फसगत आहे. हा त्याच्यासाठी थांबलाय आणि तो ह्याच्यासाठी, असं झालं की दोघेही जन्मभर थांबतात. हा प्रकार मला कॉम्प्युटरशिवायही माहीत होता. आमच्याकडे त्याला अबोला म्हणतात.

"बरं, निरोप पोचला असं समज," मी म्हटलं. "मग तरी झालं ना?"

"पोचला म्हणजे कळला असं नाही, मामा."

त्याने मंगळाची गोष्ट सांगितली. अमेरिकेने १९९८ च्या डिसेंबरात मंगळाकडे एक यान सोडलं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे फाइलमध्ये लिहायचे आणि दुसऱ्याने ते वाचून यानाचा मार्ग काढायचा. पहिल्याने आकडे पौंडांच्या मापात लिहिले, दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वाचले. दोन मापांत ४.४५ पटींचा फरक. फाइल वेळेवर जात होती, वेळेवर उघडत होती, एकही आकडा वाटेत सांडला नाही. आणि २३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळापाशी जायला हवं त्यापेक्षा फार खाली गेलं, ते कायमचं. त्या दिवशी पहिला प्रोग्रॅम बोलू शकला असता, तर काय म्हणाला असता हे सांगायला नकोच.

रात्री मला झोप लागेना. सकाळी मी सेंटरला फोन लावला. पहिल्यांदाच. आजी तीनदा येऊन गेल्यावर.

तिकडच्या माणसाने पाच मिनिटांत शोधून काढलं. आजींच्या पेन्शनचा नंबर शून्याने सुरू होत होता. आमच्या प्रोग्रॅमने तो आकडा समजून डावीकडचं शून्य गाळलं आणि बाकीचा पुढे पाठवला. तिकडचा प्रोग्रॅम तो नंबर अक्षरशः ताडून बघत होता. त्याला असा कुणी पेन्शनर सापडला नाही. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे आपण शाळेपासून शिकतो. इथे त्या शून्यात एक अख्खी आजी बसली होती.

"पण मग तुमच्याकडून तसं कळवायचं नाही का?" मी आवाज चढवला. चूक दुसऱ्याची असण्याचा संभव दिसला की माझा आवाज आपोआप चढतो.

"कळवलंय की साहेब," तो म्हणाला. "न जुळलेल्या नोंदींची यादी रोज सकाळी शाखेला जाते. तुमच्या शाखेलाही गेलीय."

म्हणजे त्याच्याकडूनही गेलं होतं.

आणि इथे, वाचकहो, मला कबुली द्यायची आहे. ती यादी येत होती. रोज साडेदहाला येत होती. ती उघडून बघायचं काम आमच्या शाखेत एकाच माणसाकडे होतं, आणि तो माणूस मी. पहिले काही महिने मी ती इमानाने उघडली. बहुतेक वेळा ती रिकामी असे. रिकामी यादी रोज उघडणं हे काम माणसाला लवकर हास्यास्पद वाटू लागतं. पुढे मी ती न उघडताच बाजूला सारू लागलो. आजींचं नाव त्यात नोव्हेंबरपासून पडलं होतं. निरोप गेला होता, तो कळला नाही असं उत्तरही परत आलं होतं. न ऐकणारा प्रोग्रॅम नव्हता. बी.कॉम. होता.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो दचकला नाही. प्रोग्रॅम लिहिणारेही नेमकी हीच चूक करतात म्हणाला. निरोप पाठवायची आज्ञा लिहितात आणि परत आलेलं उत्तर तपासायची ओळ आळसाने गाळतात. शंभर वेळा चालून जातं. एकशे एकाव्या वेळी कुणीतरी मयत होतं.

मी मॅनेजर साहेबांना सांगितलं. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, "आजींना सांगा, सिस्टिमचा प्रॉब्लेम होता." आणि गंमत म्हणजे ते खोटंही नव्हतं. शून्य सिस्टिमनेच गाळलं होतं. त्यातल्या त्यात माझ्याही मनात आलं, की जगात प्रत्येकाने निरोप पोचल्याची खात्री करत बसायचं ठरवलं तर कामं कधी व्हायची? अकरा माणसं रांगेत उभी असतात. प्रत्येक भिंतीपलीकडे जाऊन मी कसा बघू?

यावर एक फार जुनं कोडं आहे. १९७५ साली ते एका निबंधात मांडलं गेलं आणि पुढे १९७८ साली जिम ग्रे या शास्त्रज्ञाने त्याला दोन सेनापतींचं रूप दिलं. दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. पहिला जासूद पाठवतो, 'पहाटे हल्ला.' जासूद पकडला गेला तर? म्हणून दुसऱ्याने पोच पाठवायची. पण पोच आणणारा पकडला गेला तर? म्हणून पोचेची पोच. मग तिची पोच. वाट भरवशाची नसेल, तर कितीही जासूद पाठवले तरी दोघांची पुरती खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध झालं आहे. आमच्या आईला हे गणित न शिकता येतं. मी गावाला निघालो की, "पोचलास की फोन कर," आणि फोन केला की, "मला कळलं हं, आता पुन्हा करू नकोस," आणि मग अर्ध्या तासाने तिचाच फोन, "मी करू नको म्हटलं ते ऐकलंस ना?"

म्हणजे पुरती खात्री कुणालाच नाही. मग 'आमच्याकडून गेलंय' म्हणणारा काय वाईट? मला क्षणभर मोठा धीर आला. पण भाच्याने तोही टिकू दिला नाही. एम.आय.टी.तल्या साल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ साली छापलेल्या एका निबंधात याचा उलगडा आहे म्हणाला. एका मशीनवरची फाइल दुसऱ्या मशीनवर न्यायची आहे. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याने शपथेवर सांगितलं, की माझ्याकडून नीट गेली, तरी त्याचा उपयोग मर्यादितच. शेवटच्या टोकाला पोचलेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहावीच लागते. वाटेतल्यांनी आपापलं काम नीट करावं, पण झालं की नाही ते फक्त दोन टोकंच सांगू शकतात.

हा निबंध कॉम्प्युटरवाल्यांसाठी असला, तरी तो आमच्या काउंटरवर चिकटवायला हरकत नाही. माझं दुसरं टोक म्हणजे ते सेंटर नव्हतंच. दुसरं टोक म्हणजे आजी. पडद्यावरची हिरवी खूण एवढंच सांगत होती, की पलीकडच्या टेबलाने कागद घेतला. आजींच्या हातात पैसे आले का, हे ती खूण सांगत नव्हती. आणि जी सांगू शकत होती, ती बाई काउंटरपुढे उभी राहून सांगत होती, तर मी तिला खूण दाखवत होतो.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखलं असावं. मोबाइलवरून पाठवलेले पैसे एकाच्या खात्यातून कापले गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, नाहीतर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा नियम २०१९ साली झाला. 'आमच्याकडून गेलंय' या वाक्याची कुणीतरी किंमत ठरवली याचा मला आनंद आहे. वीस वर्षांचे माझे किती झाले असते याचा हिशेब मी केलेला नाही. बी.कॉम. असलो तरी.

प्रोग्रॅमभोवती भिंत घातली ती त्याने शेजाऱ्याचं काही बिघडवू नये म्हणून. आम्ही टेबलाभोवती भिंत घातली ती शेजाऱ्याचं बिघडलेलं आपल्याला दिसू नये म्हणून. बाहेरून दोन्ही भिंती सारख्याच दिसतात.

मी आजींच्या घरी गेलो. खरं तर फोनवर सांगता आलं असतं, पण मला वाटेतला टप्पा नको होता. सांगितलं, की शून्य कॉम्प्युटरने गाळलं, पण तुमचं नाव माझ्यापुढे रोज येत होतं आणि मी पाहिलं नाही. चूक माझी. आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग आत जाऊन चहा टाकला आणि यजमानांची गोष्ट सांगू लागल्या.

त्यांच्या काळी एकेरी लाइनवर दोन स्टेशनांत दोन यंत्रं असत आणि त्यांत लोखंडी गोळे. गोळा हातात मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे काढायचा नाही. पलीकडच्या मास्तराने तिकडून होकार दाबून धरल्याशिवाय इकडचा गोळा यंत्रातून सुटायचा नाही, आणि तो गोळा यंत्रात परत पडल्याशिवाय दुसरा निघायचा नाही. "हे गोळा देऊन यायचे," आजी म्हणाल्या, "पण गाडी पोचल्याची पलीकडून घंटा येईपर्यंत जेवायला बसायचे नाहीत. मी म्हणायची, गाडी तर गेली ना तुमच्याकडून? तर म्हणायचे, गेली गं, पण पोचली नाही अजून."

मी चहा पिऊन उठलो. आणखी काही ऐकून घ्यायची माझी तयारी होती, पण आजींचं सांगून झालं होतं.

नंबर शून्यासकट पुन्हा पाठवला. डिसेंबर-जानेवारीची थकलेली पेन्शन फेब्रुवारीच्या पेन्शनबरोबर जमा झाली. पडद्यावर हिरवी खूण आली, तिच्याकडे मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि आजींना फोन लावला. त्या म्हणाल्या, थांबा, आत्ता नाही सांगत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पैसे काढले, आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला, "गोळ्या आणल्या हो. रोजच्या रोज घेते आता." माझ्या नोकरीत मला मिळालेली ही पहिली खरी पोच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन.

"काल मी सांगितलेलं तुम्हांला नीट ऐकू गेलं ना? मध्येच खरखर होत होती."

"गेलं, आजी. पोचलं."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आता माझं 'पोचलं' त्यांना पोचलं की नाही, हे कळायला मला मार्ग नव्हता. गणिताने तो कुणालाच ठेवलेला नाही. मी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. न जुळलेल्या नोंदींची यादी आली होती. मी ती उघडली. रिकामी होती. तरी खालपर्यंत पाहिली आणि मगच रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणालो, "हं, या."